दुसरं उत्तर

१

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत. तोंडावर कमी, पाठीमागे जास्त. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले जुने प्रोग्रॅम साफ करणं हे तिचं काम होतं, आणि त्यातल्या कॉमेंट्स दिसल्या की तिचे हात शिवशिवायला लागायचे.

कॉमेंट म्हणजे प्रोग्रॅममध्ये माणसाने माणसासाठी लिहिलेली ओळ. यंत्र ती वाचत नाही, ओलांडून पुढे जातं. म्हणूनच तिथे काहीही लिहिता येतं. 'इथे बेरीज होते' अशी पाटी लावून खाली वजाबाकी करत बसलं तरी यंत्र हूं की चूं करत नाही. बरं, लिहिणारा लबाड असतो असंही नाही. पहिल्याने खरोखर बेरीजच लिहिलेली असते. दुसऱ्याने जेवायला जायच्या घाईत तिची वजाबाकी केलेली असते आणि पाटी बदलायची राहून गेलेली असते. तिसरा येतो, पाटी वाचतो, मान डोलावतो आणि पुढे जातो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. कात्रीचं म्हणणं असं, की कॉमेंट नसली तर माणूस निदान धास्तावून खालचं नीट वाचतो. खोटी कॉमेंट त्याला निर्धास्त करते, आणि निर्धास्त माणूस कुणाचा गळा कापतोय हे त्यालाही कळत नाही.

हे सगळं चहाच्या सुट्टीत तावातावाने बोलायला ठीक होतं. मग आत्या पडली.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. जन्मभर शाळेत खेळ शिकवले. शिट्टी न फुंकता अख्खं मैदान गप्प करायची. आई नसलेल्या कात्रीला तिनेच वाढवलं, आणि कात्रीला या जगात दुसरं कुणी नव्हतं. हल्ली आत्या ज्येष्ठांच्या एका निवासात राहायची. "वृद्धाश्रम म्हणालीस तर तुझ्याशी बोलणं बंद," असं तिने आधीच बजावलं होतं. "मी खोली घेतलीय. म्हातारपण घेतलेलं नाही."

तिथे प्रत्येक पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर एक पांढरी पेटी असते. तिचं नाव विचारपूस. कात्रीच्याच कंपनीने बनवलेली. रोज सकाळी पेटी गोड आवाजात विचारते, "सुप्रभात. बरं आहे ना?" माणूस 'बरं आहे' म्हणाला की खाली सिस्टरच्या टेबलावर त्या खोलीचा हिरवा दिवा लागतो. 'दुखतंय' म्हणाला, 'पडलोय' म्हणाला, किंवा काहीच बोलला नाही, तर घंटा वाजते आणि कुणीतरी धावत वर येतं.

त्या सकाळी आत्या पलंग आणि मोरीच्या मधे घसरून पडली. मनगट मोडलं. पेटीने विचारलं तेव्हा ती जमिनीवरून म्हणाली, "पडलेय. कुणालातरी पाठव." पेटी म्हणाली, "छान. दिवस चांगला जावो." खाली हिरवा दिवा लागला. दुपारी फरशी पुसायला बाई आली तेव्हा आत्या थंडगार फरशीवर पडलेली होती, आणि दिवा हिरवाच होता.

डॉक्टर म्हणाले, या वयात गोंधळ होतो, त्या 'बरं आहे' म्हणाल्या असतील आणि मग पडल्या असतील. सिस्टर म्हणाली, पेटी कधी चुकत नाही. आत्या प्लास्टरमधला हात पोटावर ठेवून म्हणाली, "हात मोडलाय. डोकं नाही."

कात्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या वेळी मनगटावर निभावलं नाही तर? "मी बघते," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच दवाखान्यातून तडक ऑफिसात गेली.

२

विचारपूसचा प्रोग्रॅम तिने आजवर उघडला नव्हता. उघडल्यावर पहिली अर्धी सकाळ तिची चिडण्यातच गेली.

त्यांच्या ऑफिसात एक नियम होता, की प्रत्येक प्रोग्रॅममध्ये तिसरा हिस्सा कॉमेंट्स हव्यात. कमी भरल्या तर काम परत. हा नियम ज्यांनी काढला त्यांना सगळे टक्केसाहेब म्हणत. परिणाम व्हायचा तोच झाला होता. दिवा लावणाऱ्या ओळीच्या वर लिहिलेलं, 'इथे दिवा लावतो.' दिवा विझवणाऱ्या ओळीच्या वरही तेच, कारण वरचं उचलून खाली चिकटवलेलं. एका बहाद्दराने तर 'ही कॉमेंट आहे' असं लिहून टक्का भरला होता. सगळे मिळून पाट्या टाकत होते, आणि त्या पाट्यांच्या ढिगाऱ्यात खरी पाटी एखादी असेलच, तर ती दिसणार कशी?

ती जागा तिला दुपारी सापडली. पेटी विचारते, ऐकते, उत्तर घेते. आणि मग एक अगदी नीटनेटकी कॉमेंट: 'पहिलं उत्तर घ्या. नंतर येणारं टाकून द्या. तो खोलीचा प्रतिध्वनी आहे.'

तिला क्षणभर बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. इतक्या कचऱ्यानंतर कुणीतरी 'काय' न सांगता 'का' सांगितलं होतं. कॉमेंट असावी तर अशी. लहान खोली, उघड्या भिंती, आवाज घुमणारच. ती पुढे जाणार होती. मग सवयीने तिने खालचा आकडा पाहिला, दुसऱ्या उत्तरासाठी पेटी किती वेळ कान उघडे ठेवते तो.

चहाचा कप निवांत संपेल इतका वेळ.

तिने परत वाचलं. भिंतीवरून आवाज परत यायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. हा कसला प्रतिध्वनी, जो चहा पिऊन येतो?

कुणी कधी काय बदललं याची नोंद असतेच, ती तिने उघडली. पहिल्यांदा तो वेळ खरंच पापणीएवढा होता. काही महिन्यांनी कुणीतरी तो एका श्वासाएवढा केला होता. नंतर आणखी कुणीतरी एका लांबलचक वाक्याएवढा. नावं निरनिराळी, माणसं निरनिराळी. कुणी नोकरी सोडून गेलेलं, कुणी दुसऱ्या विभागात. प्रत्येकाला आपापल्या काळात आकडा वाढवावा लागला होता आणि प्रत्येकाने वाढवला होता. वरची कॉमेंट एकानेही बदललेली नव्हती. वाचली, मान डोलावली आणि पुढे गेले.

प्रतिध्वनी लांबत चालला होता, आणि लिहिणाऱ्यांपैकी कुणालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं.

३

"कॉमेंट आहे ना तिथे?" टक्केसाहेबांनी विचारलं. त्यांच्या केबिनमध्ये काचेच्या भिंती होत्या आणि टेबलावर एकही कागद नव्हता. "मग झालं तर."

"कॉमेंट खोटी आहे, सर."

"खोटी कशी? टाकून द्या म्हटलंय, टाकून देतो. बरोबर चाललंय की."

"जे टाकून देतोय ते माणसाचं बोलणं असलं तर? माझी आत्या जमिनीवर पडून सांगत होती, आणि आपण ते कचऱ्यात टाकलं. वर 'छान' म्हणालो."

साहेबांनी समजूतदार चेहरा केला. तो चेहरा ते दुसऱ्याचं दुःख असलं की करत. "हे बघ, आत्याचं ऐकून मलाही वाईट वाटलं. पण पहिलं उत्तर 'बरं आहे' असंच आलं असणार, त्याशिवाय दिवा हिरवा होत नाही. खरं ना?"

"खरं."

"खोलीत दुसरं कुणी होतं?"

"नाही."

"मग ते उत्तर त्यांनीच दिलं. आणि नंतर जे आलं तो प्रतिध्वनी. प्रतिध्वनी नाही म्हणतेस, तर मग कोण आहे?"

तिला त्या प्रश्नाचाच जास्त राग आला. माणूस पडलाय हे दिसत असताना त्याने आधी सिद्ध करायचं की आपण पडलोय, आणि कॉमेंट लिहिणाऱ्याने मात्र काही सिद्ध करायचं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

शेवटी, फार भांडल्यावर, साहेबांनी एवढं कबूल केलं, की आत्याची हरकत नसेल तर तिच्या खोलीपुरतं सकाळचं सगळं बोलणं, टाकून दिलेल्या उत्तरांसकट, साठवून ऐकायचं. आत्याची हरकत कसली? ती प्लास्टर घेऊन खोलीत परत आली होती आणि चिडलेलीच होती. "ऐक हवं तेवढं. माझ्या खोलीत कुजबुजण्यासारखं काही नाही."

४

आठवडाभराने ती मीटिंगच्या खोलीत दार लावून बसली. बाहेर लख्ख ऊन होतं, काचेपलीकडे लोक खिदळत जेवायला चालले होते. तिने हेडफोन लावला.

पेटी: "सुप्रभात. बरं आहे ना?"

आत्याचा आवाज: "हो, बरं आहे."

पेटी: "छान. दिवस चांगला जावो."

मग बराच वेळ काही नाही. पंख्याचा टक टक आवाज. आत्या बारा महिने पंखा जोरात ठेवते आणि तो बारा महिने टकटकतो. चपला घासत आल्या. मग पुन्हा आत्या, "हो गं बाई, बरं आहे की. तोंड तरी धुऊ देशील?"

कात्रीने हेडफोन काढला आणि स्वतःशी हसली. एवढंच होय. आत्या पलंगावरून एकदा उत्तर देते, विसरते, मोरीतून येऊन परत देते. कुणालाही होईल. तिने दुसऱ्या दिवशीचं लावलं.

"हो गं बाई, बरं आहे की," पहिलं उत्तर आलं.

आणि बऱ्याच वेळाने दुसरं: "बरं कसलं? मनगट ठणकतंय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. त्या सिस्टरला सांग म्हणावं."

तिसऱ्या दिवशीचं पहिलं उत्तर मोठं होतं. "बरं आहे गं. मनगट ठणकत नाही आता. सिस्टरला नको सांगू."

तिने ते परत ऐकलं. आवाज आत्याचाच होता, खर्जातला, शेवटचं अक्षर तोडणारा. जुनं बोलणं पुन्हा वाजवलंय म्हणावं तर शब्द नवे होते. काल आपण टाकून दिलेलं बोलणं आज कुणीतरी उचलून, धुऊनपुसून, उलटं करून परत आणलं होतं. त्या दिवशीचं दुसरं उत्तर नुसतं "अगं, ऐकतंय का कुणी?" एवढंच होतं.

मग तिच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली, आणि ती लक्षात आली नसती तर बरं झालं असतं. दुसऱ्या उत्तरांच्या मागे पंखा टकटकत होता. पहिल्या उत्तरांच्या मागे तो नव्हता. पेटी विचारायची तोवर ऐकू यायचा, उत्तर सुरू झालं की थांबायचा, उत्तर संपलं की पुन्हा सुरू. पंखा असा थांबत नाही. पेटीच्या अगदी जवळ, पेटी आणि खोलीच्या मधे कुणीतरी तोंड आणलं, तर कदाचित असं होईल.

हेडफोन बिघडलाय, माईक बिघडलाय, असं तिने स्वतःला दोनतीनदा सांगून पाहिलं. सगळी कारणं कॉमेंटसारखी होती. नीटनेटकी आणि निरुपयोगी.

५

'प्रतिध्वनी' हा शब्द पहिल्यांदा लिहिणारा माणूस ऑफिसात मास्तर म्हणून ओळखला जायचा, कारण त्याला सगळं समजावून सांगायची हौस होती. निवृत्त होऊन तो घरी असतो असं कळलं. तिने फोन लावला. मागे दूरदर्शन चालू होतं, कुकरची शिट्टी झाली. घर भरलेलं वाटत होतं.

"विचारपूसमध्ये प्रतिध्वनी असं तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"तो प्रतिध्वनी आहे?"

"नाही," मास्तर म्हणाला. अगदी सहज.

"मग लिहिलंत कसं? माणसं भरवसा ठेवतात हो त्याच्यावर! माझी आत्या अर्धा दिवस फरशीवर पडून होती."

"तू काय लिहिलं असतंस?"

"खरं काय ते."

"खरं काय ते सांग की. मी लिहून घेतो." तो पुढे म्हणाला, "रिकामं सोडलं असतं तर पुढच्याने विचारलं असतं, हे का टाकायचं? मग मला सांगावं लागलं असतं. प्रतिध्वनी लिहिलं, कुणी विचारलं नाही. इतक्या वर्षांत तू पहिली."

"हे सांगताना लाज नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते ना." मास्तर म्हणाला. "पहिली पेटी मी घरीच लावून पाहिली होती. बायको दिवसभर एकटी असायची. नंतर ती काढून टाकली, भिंतीतली भोकंसुद्धा बुजवली."

माणूस अशा वेळी जे विचारतो तेच कात्रीने विचारलं. "वहिनी बऱ्या आहेत ना?"

मागचं दूरदर्शन बंद झालं, कुकर बंद झाला. फोनच्या अगदी जवळ एक बाई म्हणाली, "हो, बरं आहे."

मग पुन्हा दूरदर्शन ऐकू येऊ लागलं, आणि मास्तरने फोन ठेवला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीच्या वेळेआधी ती आत्याच्या खोलीत जाऊन बसली. खोली तिला पाठ होती. पलंग, कपाट, खिडकीशी खुर्ची, कोपऱ्यात मोरीशी वॉशबेसिन, वर टकटकता पंखा. ऊन पलंगाच्या पायथ्यापर्यंत आलेलं. आत्या केव्हाच उठली होती, पांघरुणाची घडी घातलेली होती. ती बेसिनपाशी उभी राहून डाव्या हाताने दात घासत होती आणि डाव्या हाताला शिव्या घालत होती.

"आत्या, आता मी सांगेपर्यंत बोलू नकोस. ब्रश तोंडातच ठेव."

आत्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं, आणि तोंडभर फेसासकट मान डोलावली.

"सुप्रभात," पेटी म्हणाली. "बरं आहे ना?"

पंख्याची टकटक थांबली. पाती फिरत होती, वारा लागत होता. आवाज तेवढा गेला.

"हो गं, अगदी ठणठणीत," आत्या म्हणाली. आत्या आरशात होती, गाल फुगलेले, ब्रश दातांत. आवाज पलंगाकडून आला होता. कात्रीने मान वळवली. पलंग रिकामा होता. फक्त उशीला मधोमध खोलगा पडलेला होता, आणि तिच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू भरत वर आला, कुणी नुकतंच डोकं उचलावं तसा.

"छान," पेटी म्हणाली. टकटक पुन्हा सुरू झाली.

आत्याने चूळ भरली. "बघितलंस? रोजचा आगाऊपणा आहे हा. मी तोंड उघडायच्या आत माझं बोलून मोकळा. बरं, खरं तरी बोलावं! कुणाला सांगावं तर म्हणतील, डोकंही मोडलंय." ती भीत नव्हती. ती फक्त संतापलेली होती, आणि कात्रीला वाटलं, या खोलीत आत्ता शहाणं माणूस एवढं एकच आहे.

"तुझे कपडे भर," ती म्हणाली. "उद्या दुपारी न्यायला येते."

७

आत्याला काढलं म्हणजे झालं का? बाकीच्या खोल्यांचं काय? ती ऑफिसात गेली, 'टाकून द्या' ही ओळ काढली, कॉमेंट खरवडली, आणि पेटीने दुसरं उत्तरच मानावं असं करून टाकलं. कुणाला विचारलं नाही. विचारून काय होतं ते तिला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवासात घंटा वाजायला लागल्या त्या थांबेचनात. सिस्टरचा फोन आला तेव्हा ती धापा टाकत होती. "ताई, काय केलंत तुम्ही? जवळजवळ सगळ्या खोल्या वाजतायत." मग तिचा आवाज खाली आला. "आणि खोटं नाही हो वाजत. कोपऱ्यातले आजोबा किती दिवस अंथरुणातून उठलेले नाहीत. एका आजींचं पाणी संपलंय, त्या रोज सांगतायत म्हणे. आम्हाला रोज सगळे हिरवे दिवे. आम्ही समजत होतो, ठणठणीत आहेत सगळे."

"दारावर जाऊन बघत नव्हता तुम्ही?"

"आम्ही तिघी, ताई. दिवा हिरवा असल्यावर कशाला बघणार?"

दुपारपर्यंत टक्केसाहेबांनी जुनी ओळ परत घातली होती. निवासाच्या चालकांनी तक्रार केली होती, घंटांची.

"लोक खरंच पडलेत तिथे!" ती केबिनमध्ये ओरडली. काचेबाहेर माना वळल्या.

"त्यांची सोय केलीय. पण रोज इतक्या घंटा कोण घेणार? त्यांनी पेटी घेतली ती हिरव्या दिव्यासाठी. तुझा मुद्दा समजतो मला. तिथे चांगली सविस्तर कॉमेंट लिही, म्हणजे पुढच्याला कळेल."

तिने लिहिली. आयुष्यात इतक्या मनापासून तिने कॉमेंट लिहिली नव्हती. 'पहिलं उत्तर कोण देतं ते आपल्याला माहीत नाही. दुसरं उत्तर माणसाचं असतं. ते आपण टाकून देतो, कारण ऐकलं तर उठून जावं लागतं.'

साहेबांनी वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. "हे असं नाही ठेवता येत. बाहेरचे लोक प्रोग्रॅम बघतात." आणि तिच्यासमोर तीनही वाक्यं पुसून त्यांनी एक शब्द लिहिला, तोच जुना. त्या दिवशी कात्री त्यांच्या हातात होती.

ती पर्स उचलून निघाली. आत्या निवासाच्या फाटकाशी बॅगेवर बसून वाट पाहत होती.

८

घरी पेटी नव्हती. कात्रीने स्वतःला एक नियम घालून घेतला, की आत्याला लांबून काही विचारायचं नाही. खोलीत जायचं, समोर उभं राहायचं, डोळ्यांनी बघायचं आणि मग बोलायचं. आत्याला ते चमत्कारिक वाटे. "मी काय दुधाचं भांडं आहे, सारखं येऊन बघायला?" पण ती सुखात होती. हात प्लास्टरमधून सुटला होता. तिच्या हट्टापायी खोलीतला पंखा जोरात फिरायचा, आणि तोही हल्ली टकटकायला लागला होता.

दिवस बरे जात होते, आणि बऱ्या दिवसांत राग वाढायला सवड मिळते. निवासात रोज सकाळी ती पेटी सगळ्यांना विचारत होती, आणि सगळे बरे होते. कात्रीने ठरवलं, की तिथे राहणाऱ्या प्रत्येकाच्या घरच्यांना कळवायचं. एके दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहायला बसली, गॅसवर चहाचं आधण ठेवलेलं. टक्केसाहेबांविषयी दोन वाक्यं अशी काही जमली होती, की वाचणाऱ्याच्या अंगाची लाहीलाही व्हावी. तिसरं जुळवता जुळवता, मान वर न करता, ती म्हणाली, "आत्या, उठलीस का? बरं आहे ना?"

"हो गं बाई, बरं आहे की," आतून आलं.

"बरं," ती म्हणाली, आणि तिसरं वाक्य लिहिलं. चौथं लिहिलं. चौथं फारच चांगलं झालं होतं. ते परत वाचताना तिचा हात थांबला.

इतका वेळ घरात कसलाच आवाज नव्हता. आधणाचा नाही, रस्त्याचा नाही, पंख्याचा नाही. आत्ता कुठे आतल्या खोलीतून टकटक सुरू झाली.

ती उठली तेव्हा खुर्ची मागे पडली. आत्या पलंग आणि कपाटाच्या मधे जमिनीवर होती, एक पाय खाली दुमडलेला, चेहरा पांढराफटक. पण शुद्धीवर होती, आणि चिडलेलीही होती.

"आलीस एकदाची."

"कधी पडलीस? आत्या, कधी?"

"उजाडायच्या सुमाराला. हाका मारून मारून घसा बसला माझा."

कात्री तिच्या डोक्याखाली हात घालत होती. "मला नाही गं ऐकू आल्या. एकसुद्धा नाही."

"ऐकू कशा नाही आल्या? दर हाकेला ओ देत होतीस की. 'येते हं, आत्या. आलेच.' इतकं गोड. मी म्हटलं, कामात असेल पोरगी, येईल. म्हणून गप्प पडून राहिले."

"मी एकदाही बोलले नाही," कात्री म्हणाली.

आत्या तिच्या तोंडाकडे पाहत होती. तोंड मिटलेलं होतं. वरचा पंखा फिरत होता आणि त्याचा आवाज येत नव्हता.

"येते हं, आत्या," स्वयंपाकघरातून कात्रीचा आवाज आला. "दोनच मिनिटं."

आत्याने चांगल्या हाताने भाचीचं मनगट पकडलं. सबंध मैदान गप्प करणारा तो आवाज कात्रीने कधी इतका खाली आलेला ऐकला नव्हता.

"आधी दार लाव," आत्या म्हणाली.